दात सरळ करणे : प्रौढ वयातील उपचार

वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले, फटी पडलेले किंवा पुढे आलेले दात हलक्या पण सततच्या दाबाने जबड्याच्या हाडातच सरकवून योग्य जागी आणण्याचा उपचार. दंतवैद्यकाच्या ज्या शाखेत तो मोडतो तिला ऑर्थोडॉन्टिक्स म्हणतात. बोलताना मात्र ‘तारा लावणे’ किंवा ‘क्लिप बसवणे’ एवढेच म्हटले जाते. हा शाळकरी मुलांचा उपचार आहे असा समज अजून पुरता गेलेला नसला, तरी हिरड्या आणि हाड निरोगी असल्यास त्याला वयाची वरची मर्यादा नाही.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे आवरण असते. दाताला एका बाजूने रेटले की ज्या बाजूला दाब पडतो तिथले हाड झिजते आणि जिथे ताण पडतो तिथे नवे हाड तयार होते. अशा रीतीने दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. ही क्रिया पन्नाशीतही चालते, फक्त सुरुवातीला ती मुलांपेक्षा संथ असते, त्यामुळे उपचाराला बहुधा दीड ते दोन वर्षे लागतात. जबड्याची वाढ मात्र प्रौढपणी थांबलेली असते. त्यामुळे दोष दातांचा नसून जबड्यांच्या मापाचा असेल, तर तारेने तो झाकता येतो, पण मुळातून दूर करायचा झाल्यास शस्त्रक्रिया लागते.

आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त सांगितला जाणारा फायदा स्वच्छतेचा आहे. दाटीवाटीच्या दातांत ब्रश पोचत नाही, तिथे कीट साचते आणि हिरड्या सुजतात, हे खरेच आहे. पण सरळ दातांना कीड लागत नाही असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. नीट ब्रश न करणाऱ्याचे सरळ दातही किडतात. वाकड्या दातांमुळे डोकेदुखी, अपचन किंवा मानदुखी होते आणि ते सरळ केल्यावर ती जाते, या दाव्यांना भक्कम आधार नाही. कानापुढच्या जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावरही हा उपचार खात्रीचा उपाय मानला जात नाही.

फायदा ठळकपणे दिसतो तो काही ठरावीक परिस्थितींत. त्यांतली एक आपल्याकडे नेहमी आढळते. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे उगवते आणि पुष्कळ घरांत तीही दुधाचीच समजली जाते. ती किडून लवकर काढली जाते आणि रिकामी जागा तशीच राहते. (अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये मांडलेले दातांच्या ठेवणीचे वर्गीकरण याच दाढेला खूण धरून केलेले आहे, यावरून तिचे महत्त्व ध्यानात यावे.) पुढे मागची दाढ त्या जागेकडे झुकते, समोरच्या जबड्यातली दाढ खाली उतरते, झुकलेल्या दाढेच्या खोबणीत अन्न अडकून राहते आणि कृत्रिम दात बसवायला नीट जागाच उरत नाही. अशी दाढ तारेने उभी केली की इम्प्लांट (हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात) व्यवस्थित बसतो आणि तेथील हिरडीही साफ ठेवता येते.

दुसरी परिस्थिती चाळिशीनंतरची. पूर्वी नसलेली फट पुढच्या दातांत पडू लागते, दात पंख्यासारखे पसरतात, आणि माणूस तारा लावायच्या म्हणून दवाखान्यात येतो. प्रत्यक्षात हिरड्यांच्या आजाराने हाड खचलेले असते. अशा वेळी आधी हिरड्यांचा उपचार, आणि सूज पूर्ण ओसरल्यावरच हलका दाब, हा क्रम मोडता येत नाही. सुजलेल्या हिरडीत दात हलवल्यास उरलेले हाडही जाते. तंबाखू, मिश्री आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे हा धोका वाढतो. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात हा समज घातक आहे. यांखेरीज खालचे पटाशीचे दात वरच्या टाळूला टोचत असतील, किंवा उलट चाव्यामुळे (वरचा दात खालच्या दाताच्या आत बसल्यामुळे) एखादाच दात झिजत असेल, तर उपचाराचे कारण निव्वळ दिसण्याचे राहत नाही. अर्थात लग्नाआधी किंवा नोकरी लागल्यावर तारा लावणाऱ्यांचे कारण बहुधा दिसण्याचेच असते, आणि तोंड न झाकता हसता येणे हाही लहान लाभ नव्हे.

उपचाराचे तोटेही आहेत. मुळांची टोके थोडी झिजतात, हिरडी खाली सरकू शकते, आणि ब्रॅकेटभोवती (तार अडकवण्यासाठी दातांवर चिकटवलेल्या लहान पट्ट्यांभोवती) स्वच्छता न राखल्यास दातांवर पांढरे डाग उमटतात. चिक्की, ऊस आणि पुणेकरांची बाकरवडी काही काळ दूर ठेवावी लागते. तारेऐवजी दातांवर चढवायचे प्लास्टिकचे पारदर्शक साचे, म्हणजे अलायनर, जेवताना काढता येतात, पण ते दिवसाचे २० ते २२ तास घातले नाहीत तर दात ठरल्याप्रमाणे सरकत नाहीत. हाडाचा एक्स-रे न काढता केवळ दातांच्या मापावरून अलायनर मागवणे प्रौढांच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे.

पुणे परिसरात खासगी दवाखान्यांखेरीज धनकवडीचे भारती विद्यापीठ, पिंपरीचे डी. वाय. पाटील, वडगावचे सिंहगड आणि कॅम्पातील रंगूनवाला ही दंत महाविद्यालये आहेत. महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली हे काम करतात. खर्च सहसा कमी येतो, फेऱ्या अधिक होतात. या शाखेची एम.डी.एस. ही पदवी बी.डी.एस.नंतर तीन वर्षांची असते आणि उपचार घेण्यापूर्वी ती विचारून घेण्यात संकोच नसावा.

तारा निघाल्यावर हिरडीतले ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढत राहतात. म्हणून दातांमागे बारीक तार चिकटवतात किंवा रात्री घालायचा रिटेनर देतात, आणि प्रौढांना तो बहुधा कायमच वापरावा लागतो.