मेंडेल्सन शिष्यवृत्तीची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये तरुण संगीतरचनाकारांना मिळणाऱ्या मेंडेल्सन शिष्यवृत्तीचं मूळ एका मैफलीत आहे.

जर्मन संगीतरचनाकार फेलिक्स मेंडेल्सन ४ नोव्हेंबर १८४७ रोजी जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये वारले. वय अवघं ३८. आदल्याच वर्षी बर्मिंगहॅममध्ये त्यांची ‘एलायजा’ ही मोठी रचना पहिल्यांदा सादर झाली होती. त्यातला स्त्रीस्वर त्यांनी स्वीडिश गायिका जेनी लिंड यांचा गळा मनात ठेवून लिहिला होता. पण पहिल्या प्रयोगाला त्या नव्हत्या. डिसेंबर १८४८ मध्ये लंडनच्या एक्सेटर हॉलमध्ये त्या अखेर ‘एलायजा’ गायल्या, ते मेंडेल्सन यांच्या स्मारकासाठी. त्यातून सुमारे १,००० पौंड जमले.

लाइपझिगला मेंडेल्सन यांच्या नावानं संगीतशाळा काढावी, असा आधीचा बेत होता. तिथून पुरेसा पाठिंबा मिळाला नाही. मग सर जॉर्ज स्मार्ट, ज्युलियस बेनेडिक्ट या लंडनमधल्या संगीतकारांच्या मदतीनं हा पैसा विद्यार्थ्यांच्या शिक्षणाकडे वळला. मला हा निर्णय मूळ बेतापेक्षाही उचित वाटतो. मेंडेल्सन स्वतः शिक्षक होते. लाइपझिगचं संगीत विद्यालय १८४३ मध्ये त्यांनीच सुरू केलं होतं.

पहिली निवड व्हायला १८५६ साल उजाडलं. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा असे दोन उमेदवार बरोबरीत आले, म्हणून पुन्हा परीक्षा घ्यावी लागली. मोठा होता जोसेफ बार्नबी, पुढे नावारूपाला आलेला गायनवृंद-संचालक. निवडला गेला तो १४ वर्षांचा आर्थर सलिव्हन, राजदरबारच्या चॅपलमध्ये गाणारा मुलगा.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून तो १८५८ मध्ये लाइपझिगला गेला. तिथे त्याला पियानो शिकवायला इग्नात्स मोशेलेस होते. लहानग्या मेंडेल्सनना बर्लिनमध्ये त्यांनीच धडे दिले होते आणि मेंडेल्सन यांच्याच आग्रहावरून ते लाइपझिगला आले होते. नुसत्या रकमेनं हे साधलं नसतं. ज्याच्या स्मरणार्थ पैसा जमला, त्याच्याच परंपरेत विद्यार्थी घडला. शिकत असतानाच त्यानं शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकासाठी लिहिलेलं संगीत १८६२ मध्ये क्रिस्टल पॅलेसमध्ये वाजलं आणि १९ वर्षांच्या सलिव्हनचं नाव लंडनभर झालं.

१८७९ मध्ये मॉड व्हॅलेरी व्हाइट यांच्या रूपानं पहिल्यांदा एका स्त्रीला ही शिष्यवृत्ती मिळाली. पुढच्या मानकऱ्यांत पियानोवादक ऑयगेन दाल्बेर आहेत आणि १९४८ चे माल्कम अर्नल्डही. अर्नल्ड त्या पैशांवर इटलीत राहून आले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळवणारे ते हेच.