‘लॉसूट’ म्हणजे नेमकं काय? जुन्या जपानी गिटारींची पार्श्वभूमी

जपानच्या ऑनलाइन लिलावातून गिटार मागवायची ठरली की नागपुरातल्या वादकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘लॉसूट आहे का?’ या एका शब्दापायी लोक दुप्पट पैसे मोजतात. म्हणून आधी त्याचाच इतिहास.

साठच्या दशकात जपानमधून अमेरिकेत गेलेल्या गिटारी स्वस्त होत्या, विचित्र आकारांच्या होत्या. आज त्या जमवणारे आहेत, पण वाजवायला घेणाऱ्याने त्यांच्यात वेळ घालवू नये. खरी गोष्ट सत्तरीत सुरू होते. नागानो प्रांतातलं मात्सुमोतो आणि हामामात्सु, नागोया इथल्या कारखान्यांनी अमेरिकन मॉडेलं डोळ्यांसमोर ठेवून गिटारी बनवायला घेतल्या. एकाच कारखान्यातून चार-पाच नावांच्या गिटारी निघत. त्यामुळे डोक्यावरचं नाव पाहून गिटार कुठे बनली ते कळतच नाही.

आता ‘लॉसूट’ हे नाव ज्यावरून पडलं तो खटला. २८ जून १९७७ रोजी गिब्सन या अमेरिकन गिटार ब्रँडच्या तेव्हाच्या मालक कंपनीने आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकाविरुद्ध फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. वाद गिटारीच्या दर्जाचा नव्हता, बॉडीच्या आकाराचाही नव्हता. हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारीच्या डोक्याच्या, वरच्या कडेला उघडलेल्या पुस्तकासारखी जी वळणं असतात, ती आमची ओळख आहेत, एवढंच म्हणणं होतं. गंमत अशी की आयबानेझने दावा लागायच्या आधीच आपला हेडस्टॉक बदलायला घेतला होता. १९७८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, निकाल लागलाच नाही. म्हणजे खटला एका ब्रँडपुरता आणि मुद्दा हेडस्टॉकच्या कडेचा. ग्रेको, टोकाई, बर्नी, एरिया या इतर जपानी ब्रँडांचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरीही विकणारे सत्तरीतल्या कुठल्याही जपानी नकलेला ‘लॉसूट’ म्हणतात, आणि ‘कोर्टात खेचावी लागली म्हणजे मूळ गिटारीपेक्षा चांगली असणार’ असा अर्थ घेणारा घेतो. हा अर्थ चुकीचा आहे, आणि त्याने नव्या पोरांचं नुकसान होतं म्हणून इतकं ठासून लिहितोय.

नुकसान कसं, ते धरमपेठेतल्या एका मित्राच्या गिटारीत पाहिलं. वर्णनात ‘लॉसूट, १९७३’ लिहिलेलं. बर्डीवर दुरुस्तीला टाकली तेव्हा कारागिराने मागचे चार स्क्रू काढून नेक, म्हणजे गिटारीची मान, वेगळा केला आणि पिकअपखालच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाखालच्या) खाचेत बॅटरी मारली. आत प्लायवूडचे थर स्पष्ट दिसत होते, वरचा फुगीर भाग पोकळ. सत्तरीच्या सुरुवातीच्या अनेक नकला अशाच आहेत: गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलचा आकार, पण नेक बोल्टने बसवलेला. चिकटवलेला नेक, भरीव लाकूड, नीट केलेलं फ्रेटचं (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचं) काम, ही प्रगती दशकाच्या शेवटाला झाली. माझ्या मते १९७८ ते १९८२ हा काळ सगळ्यात कसदार, आणि त्यातल्या बहुतेक गिटारींना कुठलाही खटला शिवलेला नाही.

त्या काळातल्या मॉडेल नंबरातच किंमत लपलेली असते. टोकाईची एलएस-८० म्हणजे ८०,००० येन, ग्रेकोची ईजी-५०० म्हणजे ५०,००० येन. आकडा जितका मोठा तितकं लाकूड आणि काम वरच्या दर्जाचं. आयबानेझच्या सिरियल नंबरमध्ये पहिलं अक्षर महिन्याचं, पुढचे दोन आकडे वर्षाचे. C78 म्हणजे मार्च १९७८. ‘लॉसूट’ शब्द शोधण्यापेक्षा मॉडेल आणि सिरियल हे दोन नंबर शोधा.

१९८२ मध्ये फेंडर या अमेरिकन कंपनीने वेगळाच मार्ग धरला. जपानी भागीदार घेऊन तिथेच गिटारी बनवायला सुरुवात केली. ‘जेव्ही’ (JV) अक्षरांनी सुरू होणाऱ्या सिरियल नंबरच्या गिटारी त्या पहिल्या वर्षांतल्या, आणि त्यांना मिळणारा मान योग्यच आहे. डॉलर उतरवण्यासाठी झालेल्या १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन वधारला, स्वस्त उत्पादन कोरियाकडे सरकलं.

आपल्याकडे हे सगळं फार उशिरा पोचलं. बऱ्याच परदेशी वस्तूंवरचे आयात निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले. जपानमधला मोठा ऑनलाइन लिलाव १९९९ पासूनचा, पण बहुतेक विकणारे परदेशी पाठवत नाहीत. बोली लावणारा, माल गोदामात ठेवणारा मध्यस्थ लागतो. मग नियमांचा गुंता. २ जानेवारी २०१७ पासून शिसवी-शिसमच्या, म्हणजे रोजवूडच्या, वंशातल्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय परवान्याखाली आल्या आणि रोजवूडच्या फिंगरबोर्डची (बोटं दाबायच्या पट्टीची) गिटारही अडकू लागली. २६ नोव्हेंबर २०१९ ला तयार वाद्यांना सूट मिळाली, ब्राझिलियन रोजवूड सोडून. लगेच डिसेंबर २०१९ मध्ये भारताने ‘भेटवस्तू’ म्हणून बिनशुल्क पार्सल आणणं बंद केलं. सूट राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. त्यामुळे मध्यस्थाला ‘गिफ्ट लिहा’ सांगण्याचा जुना सल्ला आता कोणी देऊ नये. शिवाय आयात धोरणात वापरलेल्या वस्तू, भांडवली यंत्रं सोडून, निर्बंधित गटात आहेत. हे बोली लावण्याआधी एखाद्या कस्टम्स एजंटला विचारून घ्या, पार्सल मुंबईत अडकल्यावर नाही.

२०२४ च्या मध्यावर येन डॉलरसमोर ३८ वर्षांतल्या तळाला गेला, तेव्हा नागपुरात या गिटारींची चौकशी खूप वाढली. तेव्हा आलेल्या काही गिटारींनी इथला उन्हाळा पाहिला आहे. पारा ४५ वर जातो, हवा कोरडी होते, फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं. नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात. खोलीत कूलर लावला की उलट दमट हवेत नेक पुन्हा हलतो. गिटार केसमध्ये, कूलरच्या झोतापासून लांब ठेवा, आणि टोकं घासून घ्यायची घाई जूनपर्यंत करू नका. पहिल्या पावसात लाकूड थोडं परत फुगतं.