पैलवानाचा खुराक

तालमीत मेहनत करणाऱ्या मल्लाच्या ठरलेल्या, मोजून घेतलेल्या आहाराला खुराक म्हणतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या कुस्तीच्या पट्ट्यात जेवण आणि खुराक हे दोन वेगळे शब्द आहेत. पोट भरते ते जेवण. अंग कमावण्यासाठी त्यावर जे घ्यावे लागते तो खुराक. दूध, तूप, बदाम, मटण आणि अंडी हा त्याचा कणा.

हा आहार कधीच स्वस्त नव्हता. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी मल्लांना राजाश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि खासबाग मैदान बांधले. संस्थाने गेल्यावर खुराकाचा भार घरच्यांवर आला. पोरगा तालमीत घालायचा तर गोठ्यात दुभती म्हैस हवी, हा गावाकडचा हिशेब त्यातूनच पक्का झाला. जत्रेच्या फडातले इनामही बहुधा खुराकातच जिरते. पैलवान म्हणजे धिप्पाड गडी, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटात लढले होते. अंग किती वाढले यापेक्षा ते कशाने भरले, हे महत्त्वाचे.

दिवस पहाटे जोर-बैठकांनी सुरू होतो. मेहनत आटोपली की थंडाई. रात्रभर भिजवलेले बदाम सोलून कुंडीत टाकतात. सोबत खसखस, बडीशेप, मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, वेलदोडे आणि काळी मिरी. कुंडी दोन पायांत घट्ट धरून पोरे लाकडी दांडक्याने आळीपाळीने घोटत बसतात. रवाळपणा जाऊन लोण्यासारखा गोळा झाला की त्यात थोडे थोडे पाणी किंवा दूध घालून फडक्यातून गाळतात. फडक्यात उरलेला चोथा पुन्हा कुंडीत जातो, कारण त्या बदामांना पैसे पडलेले असतात. घोटताना दंड आणि मनगटे भरून येतात, म्हणून जुने वस्ताद तेही मेहनतीतच धरतात. मिक्सरने हे काम दोन मिनिटांत होते, पण त्यात तो व्यायाम नाही.

दुपारी आणि रात्री भाकरी किंवा चपाती, डाळ, मटण. मटणाला तिखट कट येण्याआधी बाजूला काढलेले अळणी पाणी, म्हणजे बिनतिखट रस्सा, कोल्हापुरात पैलवानाला आवर्जून देतात. शाकाहारी मल्ल दूध, पनीर, मोडाचे हरभरे आणि डाळींवर भागवतात. तिथल्या गंगावेशीसारख्या दूध कट्ट्यांवर म्हशीचे धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिण्याची रीत प्रसिद्ध आहे. मात्र न तापवलेल्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलोसिस या जनावरांकडून येणाऱ्या तापाचे जंतू येऊ शकतात. दूध उकळल्याने त्यातले प्रथिन वाया जात नाही, हे तालमीतल्या प्रत्येक पोराला सांगायला हवे.

आहारशास्त्राच्या काट्यावर ठेवला तर खुराक बराच खरा उतरतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशींनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २११० किलोकॅलरी पुरतात. जड कष्टाच्या पुरुषाला ३४७० लागतात. प्रथिनांची शिफारस सामान्य पुरुषासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम आहे. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला त्याच्या दुपटीपर्यंत प्रथिने उपयोगी पडतात. म्हशीचे लिटरभर दूध त्यातली निदान ३५ ग्रॅम देते. खुराकाची उणी बाजू भाज्यांची. पालेभाजी, कच्चा कांदा, काकडी, फळे यांना त्यात मानाचे पान नाही, आणि तंतुमय अन्नाअभावी पोटाच्या तक्रारी तालमीत सर्रास असतात. वजनगटासाठी कुस्तीच्या आदल्या दिवशी पाणी तोडणे तर घातकच. १९९७मध्ये अमेरिकेत घाईने वजन उतरवताना महाविद्यालयीन तीन मल्ल दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले.

खुराकाची खरी परीक्षा मात्र आखाडा सुटल्यावर होते. तिशी-पस्तिशीत लग्न, नोकरी, शेती मागे लागते. मेहनत थांबते, पण जीभ आणि पोट जुन्याच मापाला सरावलेले असते. जड कष्टाच्या आणि बैठ्या पुरुषाच्या वरच्या दोन आकड्यांमधला फरक १३६० किलोकॅलरींचा आहे. तो रोज पोटात जात राहिला की कमावलेले अंग सुटते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार मागोमाग येतात. यात दूध-तुपाचा दोष नाही. वस्ताद पोराला खुराक वाढवायला शिकवतो, तो उतरवायला कोणी शिकवत नाही, आणि ही उणीव भरून निघायला हवी. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका वाढतो. सुटलेल्या पैलवानाने वजनाच्या काट्याऐवजी शिंप्याची टेप जवळ ठेवावी, कारण जुने स्नायू ओसरून चरबी चढली तरी काटा तेवढाच आकडा दाखवू शकतो. आधी उतरवायची ती थंडाई आणि वरून ओतलेले तूप. मग भाकरीची चवड. डाळ, अंडी आणि पेलाभर दूध उतारवयातही चालू ठेवावे, आणि सकाळच्या बैठका, पन्नास का होईनात, सोडू नयेत.