काजूच्या दिवसांतला ताप

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात बोंडू, म्हणजे काजूची फळे, पिकून पडायला लागली की घरचे सगळे सकाळीच काजूच्या बागायतीत असतात. वाकून बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, दमले की तिथेच वाळक्या पानांच्या पातेऱ्यावर बसायचे. नेमकी याच दिवसांत त्या पातेऱ्यात गोचिडीची पिल्ले असतात. खसखशीच्या दाण्याएवढे पिल्लू कानामागे, काखेत, जांघेत चिकटते आणि चावा दुखत नसल्याने कळतही नाही.

गोचिडीच्या चाव्याबद्दल इंटरनेटवर शोधले की लाइम आजार समोर येतो. अमेरिका-युरोपातला हा जिवाणूंचा आजार. त्यात बहुतेकांना चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा उठतो आणि वेळेत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक दिले की आजार बरा होतो. आपल्याकडे तो क्वचितच आढळतो. सत्तरी तालुक्यातल्या माणसाने धास्ती घ्यायची ती माकडतापाची. त्यात असा चट्टा उठत नाही, म्हणून चट्टा नाही यावर निर्धास्त राहणे मला फार धोक्याचे वाटते.

माकडताप विषाणूचा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, तेव्हा तो ओळखला गेला. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात त्याची साथ आली. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम थंडी वाजून ताप चढतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. पुढे उलट्या होतात, काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. सुरुवातीला हे सगळे डेंगीसारखेच दिसते. म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणच सांगावे: मी काजूत जातो, अंगावर गोचीड मिळाली होती. मग रक्ताची योग्य तपासणी वेळेत होते. या विषाणूवर नेमके औषध नाही. सलाइन, रक्तस्रावावर लक्ष, विश्रांती यांवरच रुग्ण सावरतो. अंगदुखीसाठी मनाने अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव वाढू शकतो.

बागायतीत जाताना पूर्ण बाह्या, पायमोजे आणि आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आंघोळ, अंग तपासणे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीला लागून धरावी आणि सरळ वर ओढावी. रॉकेल किंवा उदबत्तीचा चटका नको. मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नये, कारण त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवे शरीर शोधत असतात. आरोग्य केंद्राला कळवावे.

ताप उतरला तरी दोन आठवडे रुग्णावर लक्ष असू द्यावे. काहींना तो पुन्हा येतो, तेव्हा मान ताठरते, हात थरथरतात, माणूस बरळू लागतो. अशा वेळी तडक इस्पितळ गाठावे.