‘कुत्रा चालतो’ आणि ‘कुत्र्याची सोय आहे’: सोलापुरात रूम घेण्याआधी हा फरक समजून घ्या

"आमच्यासोबत कुत्रा आहे, चालेल का?" असं फोनवर विचारलं की सोलापुरातल्या बऱ्याच लॉजवरून उत्तर येतं, "चालतंय की, आणा." बुकिंगच्या अ‍ॅपवर हेच ‘पेट्स अलाउड’ म्हणून दिसतं. दुसऱ्या एखाद्या ठिकाणापुढे ‘पेट फ्रेंडली’ असं लिहिलेलं असतं. दोन्ही एकच समजून लोक पैसे भरतात आणि मे महिन्याच्या भर दुपारी रिसेप्शनवर वाद घालत उभे राहतात, कारण मॅनेजर म्हणतो, "चालतंय म्हणजे खाली पार्किंगला बांधा. वॉचमन हाय तिथं."

मॅनेजर खोटं बोललेला नसतो. त्याने परवानगी दिलेली असते आणि गिऱ्हाईक व्यवस्था मागत असतं. परवानगी म्हणजे कुत्रा आणलात तर आम्ही हरकत घेणार नाही. व्यवस्था म्हणजे तो येणार हे धरून खोली, सफाई, नियम आणि माणसं तयार ठेवली आहेत. पहिली गोष्ट द्यायला हॉटेलवाल्याला काहीच खर्च येत नाही. दुसरीला येतो.

हॉटेलात कुत्र्यांना राहू द्यावं का, या प्रश्नावर माझं मत आधीच सांगायचं तर, द्यावं. घरातला एक जीव मागे ठेवून निघणं सगळ्यांना जमत नाही. पण व्यवस्था नसताना दिलेल्या परवानगीपेक्षा सरळ "नाही चालत" हे उत्तर कुत्र्याच्याही भल्याचं असतं.

सोलापुरात हे जास्त का बोचतं

महाबळेश्वरला किंवा अलिबागला कुत्रा नेणारी माणसं दिवसाचा बराच वेळ त्याच्यासोबतच असतात. सोलापुरात मुक्कामाला येणारा पाहुणा बहुधा देवदर्शनाला, लग्नाला किंवा चादरी-टॉवेलच्या खरेदीला आलेला असतो. अक्कलकोट ४० किलोमीटरच्या आसपास, तुळजापूर ४५, पंढरपूर ७० च्या वर. गाणगापूर करायचं तर कर्नाटकात जावं लागतं आणि दिवस तिकडेच जातो. यातल्या कुठल्याच मंदिरात कुत्रा आत नेता येत नाही. पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाच्या रांगेत किती तास जातील हे सकाळी निघताना कुणालाच माहीत नसतं.

म्हणजे इथे कुत्रा घेऊन आलेल्या कुटुंबापुढे पहिला प्रश्न रूममध्ये कुत्रा चालेल का हा नसतोच. आपण दर्शनाला गेल्यावर तो चार-पाच तास कुठे असेल, हा असतो. ‘चालतो’ म्हणणाऱ्या लॉजकडे याचं उत्तर नसतं. काही ठिकाणी तर कुत्र्याला खोलीत एकटं ठेवायचं नाही असाही नियम असतो आणि तो चेक-इन झाल्यावर कळतो. मग उरतं पार्किंग, नाहीतर गाडी.

गाडीचं तर नावच काढू नये. बाहेर ३५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत अर्ध्या तासात पारा ५० च्या वर जाऊ शकतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात. काच चार बोटं उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि आजूबाजूची हवाच तापलेली असेल तर धापांचा उपयोग होत नाही. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंड, आतडी यांना इजा होऊ लागते. पग, बुलडॉग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हे फार लवकर होतं.

पार्किंगमधल्या साखळीचंही तेच. पत्र्याच्या शेडखाली, तापलेल्या काँक्रीटवर, हॉर्न आणि धुरात अनोळखी जागी बांधलेला कुत्रा दुपारभर भुंकतो, पाण्याचं भांडं लाथाडतो आणि शेवटी गप्प पडून राहतो. वॉचमनला वाटतं, शांत झाला. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, जनावराला अवाजवी वेळ अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं हे क्रूरतेत धरलेलं आहे. तेव्हा "बांधा की खाली" हा सल्ला देणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने, दोघांनीही जरा थांबून विचार करावा.

व्यवस्था असलेल्या ठिकाणी या चार-पाच तासांचं उत्तर ठरलेलं असतं. एकतर पंखा-कूलर असलेली, सावलीतली वेगळी खोली आणि तिथे लक्ष ठेवणारा माणूस असतो. नाहीतर जवळच्या बोर्डिंगशी किंवा प्राण्यांच्या दवाखान्याशी बोलून ठेवलेलं असतं. यापलीकडे कुत्र्यासाठी वेगळा मेनू, वाढदिवसाचा केक, गळ्यात घालायचा रुमाल हे सगळं हौसेचं आहे. नसलं तरी काही बिघडत नाही.

खोली आतून कशी असते

चकचकीत हॉटेल म्हणजे कुत्र्यासाठी चांगलं, असं नाही. गालिचा अंथरलेल्या खोलीत लघवी झाली तर ती खालच्या थरात मुरते. वरून पुसलं, सुगंध मारला, तरी कुत्र्याच्या नाकाला ती जागा कळते आणि पुढचा कुत्रा तिथेच पाय वर करतो. त्यासाठी एन्झाइमचं क्लीनर लागतं. साध्या फिनाइलने काम भागत नाही, उलट ओल्या फिनाइलवरून चाललेला कुत्रा पंजे चाटतो आणि ते त्याच्या पोटात जातं. आपल्याकडच्या जुन्या लॉजमधली शाहाबादी फरशी याबाबतीत कितीतरी बरी. पुसायला सोपी, उन्हाळ्यात गार, आणि कुत्रा आपणहून तिच्यावर पोट टेकून पसरतो. सांधे नीट भरलेले असले की झालं.

सांध्यांचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण खरा धोका तिथे लपतो. गोचीड! कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड घराच्या आत राहून, भिंतीच्या फटींत अंडी घालून पिढ्या वाढवू शकते. एक मादी हजारो अंडी घालते आणि मोठी झालेली गोचीड रक्त न पिताही महिनोन्‌महिने तग धरते. तिच्यातून कुत्र्यांना एर्लिकिया आणि बबेसियासारखे आजार होतात: ताप येतो, खाणं सुटतं, प्लेटलेट घसरतात, कधी नाकातून रक्त येतं. कुणीही यावं, कुठल्याही खोलीत राहावं, अशी मोकळीक असलेल्या लॉजमध्ये मागच्या महिन्यातल्या कुत्र्याने सोडलेली गोचीड या महिन्यातल्या कुत्र्याला चावते. मालकाला वाटतं, प्रवासाची दगदग झाली.

म्हणून ज्या हॉटेलने खरोखर तयारी केली आहे ते कुत्र्यांसाठी ठरावीक खोल्या ठेवतं, शक्यतो तळमजल्यावर, बाहेर जायचा रस्ता जवळ असलेल्या. तिथे फटींमध्ये नियमित फवारणी होते, आणि चेक-इनच्या वेळी लसीकरणाचं पुस्तक मागितलं जातं. रेबीजचं इंजेक्शन कधी दिलं, नाइन-इन-वन या एकत्रित लसीचा डोस चालू आहे का, गोचिडीचं औषध केव्हा दिलं, हे विचारलं जातं. काहींना हा अपमान वाटतो. मला तर पुस्तक न मागणाऱ्या हॉटेलची जास्त धास्ती वाटते, कारण त्यांनी शेजारच्या खोलीतल्या कुत्र्यालाही विचारलेलं नसतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस किंवा जनावर वाचणं जवळपास अशक्य असतं. तिथे "आमचा घरातलाच आहे हो" हे पुरेसं नाही.

आणि टॉवेल. सोलापूरच्या टेरी टॉवेलवर कुत्र्याचं अंग पुसू नका, ही सूचना व्यवस्था असलेल्या जागी लेखी मिळते. टेरीच्या वेटोळ्यांत केस अडकले की एका धुण्यात निघत नाहीत, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ असलेल्या या शहरात लॉजवाल्याला तोच टॉवेल तीनदा धुणं परवडत नाही. घरची जुनी सोलापुरी चादर सोबत आणा. तिला घरचा वास असतो, परक्या खोलीत कुत्रा तिच्यावर लवकर निजतो आणि लॉजची चादर वाचते.

ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांचं काय

या वादात कुत्राप्रेमी मंडळी ही बाजू झटकन उडवून लावतात, ते चूक आहे. कुत्र्याच्या कोंड्यातले आणि लाळेतले अ‍ॅलर्जी करणारे घटक गाद्या-पडद्यांत महिनोन्‌महिने राहतात. दमा असलेलं मूल त्या खोलीत झोपलं तर रात्रभर खोकतं, आणि आईवडिलांना कारणही कळत नाही. भटका कुत्रा चावलेली कितीतरी मुलं आपल्या आसपास आहेत. त्यांना लिफ्टमध्ये अचानक लॅब्राडोर समोर आला तर तो किती प्रेमळ आहे हे सांगून त्यांची भीती जात नाही. वेगळ्या खोल्या, व्हरांड्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा हातात, गरज असेल तर तोंडाला जाळी, आणि जेवणाच्या हॉलमध्ये कुत्रा नाही, एवढं पाळलं तर दोन्ही प्रकारचे पाहुणे एका इमारतीत सुखाने राहू शकतात. जेवणाचा नियम तर हॉटेलच्या मर्जीवर सोडून चालणारच नाही. अन्न सुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमांनुसार स्वयंपाकाच्या आणि अन्न हाताळण्याच्या जागेपासून प्राणी दूरच ठेवावे लागतात.

एक नियम मात्र मला पटत नाही, तो वजनाचा. "१० किलोच्या आतला असेल तर आणा" असं काही ठिकाणी सांगतात. आपल्याच भागात, सांगोला-जतकडे धनगरांच्या कळपांसोबत दिसणारा कारवानी कुत्रा वीसेक किलोंचा असतो. आखूड केसांचा, अंगावर घाण न धरणारा, विनाकारण न भुंकणारा. त्याला नाकारायचं आणि रात्रभर किरट्या आवाजात भुंकणाऱ्या, झुबकेदार केसांच्या पॉमेरियनला घ्यायचं, यात खोलीचाही फायदा नाही. वजनाऐवजी कुत्रा एकटा राहतो का, खोलीत शी-शू करतो का, अनोळखी माणसावर धावून जातो का, हे विचारावं.

हक्काचा घोळ

"सोसायटीला कुत्रा नाकारता येत नाही, मग तुम्ही कसे नाकारता?" असं रिसेप्शनवर सुनावणारे भेटतात. सोसायट्यांबाबत भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यांत म्हटलं आहे. पण तो तुमच्या स्वतःच्या घराचा विषय झाला. लॉजची खोली दोन रात्रींसाठी घेतलेली असते आणि पाळीव कुत्रा घ्यायचा की नाही हे लॉजवाला ठरवू शकतो.

अंध व्यक्तीला वाट दाखवणारा प्रशिक्षित कुत्रा ही याहून निराळी बाब आहे. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा १९९० चा कायदा आहे. त्यानुसार अशा कुत्र्यासाठी हॉटेलला वेगळं भाडं लावता येत नाही आणि त्या पाहुण्याला फक्त ‘पेट’च्या खोल्यांमध्येच राहा असंही सांगता येत नाही. मालकाने मात्र त्याला खोलीत एकटं सोडायचं नसतं. जपानने २००२ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा भेदभावाला मनाई करतो. असा पाहुणा सोलापुरात आला तर त्याला दारातच अडवून कुत्र्याचं वजन आणि जात विचारत बसू नये. तो कुत्रा त्या माणसाचे डोळे आहे.

आणखी एक युक्तिवाद इथे हमखास ऐकू येतो. अक्कलकोट-गाणगापूरच्या वाटेवरचे भक्त म्हणतात, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबासोबतही कुत्रा असतो, मग दत्ताच्या भक्तांना उतरवून घेणाऱ्या लॉजने कुत्र्याला का अडवावं? भावना खरी आहे आणि मला ती आवडते. पण खोली पुसायला रूमबॉयच लागतो. बऱ्याचदा त्याला विचारलेलंच नसतं. कुत्र्याला घाबरणाऱ्या पोराला त्या खोलीत झाडायला पाठवणं योग्य नाही, आणि केस-लघवी साफ करण्याच्या जादा कामाचे पैसे मालकाच्या गल्ल्यात न थांबता त्याच्या हातात पडले पाहिजेत.

फोनवर काय विचारावं

"चालेल का?" एवढ्यावर थांबू नका. कुत्रा आमच्याच खोलीत झोपेल ना? आम्ही दर्शनाला गेल्यावर तो कुठे असेल, तिथे पंखा आहे का, लाइट गेली तर जनरेटर त्या खोलीला आहे का? जादा पैसे किती आणि ते परत मिळणारं डिपॉझिट आहे की सफाईचा खर्च? रात्री अकराला त्याला बाहेर न्यायचं झालं तर गेट उघडं असतं का, आणि बाहेर भटक्या कुत्र्यांची टोळी असते का? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. समोरचा जर प्रत्येक प्रश्नाला "बघू की, आल्यावर" म्हणत असेल, तर तिथे फक्त परवानगी आहे असं समजा आणि कुत्र्याला ओळखीच्या माणसाकडे घरीच ठेवून या.

लॉजवाल्यांनी सगळी इमारत बदलायची गरज नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, फरशीच्या, गालिचा नसलेल्या, एक कूलर, एन्झाइमचा कॅन, गोचिडीची फवारणी, आणि ज्याला कुत्री आवडतात असा एक कामगार. पुण्याहून हैदराबादला गाडीने निघालेली कितीतरी कुटुंबं सोलापुरात रात्रीपुरती थांबतात. त्यांना एवढंच हवं असतं.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला येणार असाल तर एक प्रश्न वाढवा: खोली होम मैदानापासून किती लांब आहे? यात्रेत तिथे शोभेचं दारूकाम होतं. आवाजाला घाबरणारा कुत्रा त्या रात्री बंद खोलीतही दार ओरबाडतो, पट्टा तोडून पळतो. मैदानापासून दूरची, विजापूर रोड किंवा होटगी रोडकडची खोली घ्या आणि त्या रात्री घरातलं कुणीतरी एकजण त्याच्याजवळ थांबा.