किंटोर : बोअर, नळ आणि डायलिसिसची खुर्ची

किंटोर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या पिंटुपी आदिवासींचे वालुंगुर्रु, हे चारशेच्या आसपास वस्तीचे गाव. देशाच्या मध्यावरच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहराच्या पश्चिमेला सुमारे ५३० किलोमीटर, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेलगत. भूमी पिंटुपींची, कित्येक पिढ्यांची. गाव मात्र १९८१ चे.

त्याआधी हे लोक होते पापुन्यात. १९५०-६० च्या दशकांत सरकारी गस्ती पथकांनी वाळवंटातली कुटुंबे गोळा करून या वसाहतीत आणली. धोरण होते त्यांना गोऱ्या समाजात मिसळून टाकण्याचे. वेगवेगळ्या भाषांचे लोक एका जागी, सार्वजनिक भोजनगृहात जेवण, आणि शिध्याची सवय मैदा, साखर, चहाची. शिकारीचे मांस आणि कंदमुळे मागे पडली. नव्याने आलेल्यांपैकी अनेक जण साथीच्या आजारांत दगावले.

याच पापुन्यात १९७१ मध्ये शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे चित्र रंगले आणि १९७२ मध्ये चित्रकारांच्या मालकीची ‘पापुन्या तुला’ कंपनी उभी राहिली. पुढे तीच कामाला आली. १९७६ च्या भूमिहक्क कायद्याने परतीचा मार्ग मोकळा झाला, पण वाळवंटात परतायचे तर आधी पाणी हवे. बोअर लागली, तेव्हा गाव वसले.

माणसे घरी आली, मूत्रपिंडाचा आजारही सोबत आला. मधुमेह हे त्याचे एक कारण. दुसरे कमी बोलले जाते. खरजेच्या फोडांत जंतू शिरतात, त्यांच्या संसर्गातून लहानपणीच मूत्रपिंडाला इजा होते आणि ती पुढे उमटते. खरूज दाटीच्या घरात पसरते, आणि पोराला रोज आंघोळ घालायची तर नळ, गरम पाणी आणि मोरीचा निचरा तिन्ही चालू हवेत. शेजारच्या पिचंचाचारा भागात १९८७ मध्ये आरोग्यासाठी घरात काय चालू असायला हवे याची यादी झाली, तिच्यात पहिला क्रमांक लहान मुलांच्या आंघोळीचा होता. पुढे देशभरातली आदिवासींची घरे तपासली तेव्हा बहुतेक बिघाड देखभाल न झाल्याने, काही मुळातल्या निकृष्ट बांधकामाने आढळले. रहिवाशांच्या मोडतोडीचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी. ‘हेच लोक घरे मोडतात’ हा शेरा त्यामुळे टिकत नाही.

मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करणे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-पाच तास. यंत्रे होती अ‍ॅलिस स्प्रिंग्जला. म्हणजे कायमचे तिकडेच राहायचे, किंवा मयतीला गावी येऊन डायलिसिस चुकवायचे. ते चुकले की रक्तात पोटॅशियम चढते, फुप्फुसांत पाणी साठते. शेवटी किंटोर आणि किविरकुर्रा या गावांतल्या ‘पापुन्या तुला’च्या चित्रकारांनी एकत्र मोठी चित्रे रंगवली, नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या आर्ट गॅलरीत लिलाव झाला, दहा लाख डॉलरहून अधिक जमले. २००४ मध्ये किंटोरला डायलिसिसची पहिली खुर्ची चालू झाली.

खुर्ची आणणे त्या मानाने सोपे, पाणी अवघड. यंत्रातून मिनिटाला अर्धा लिटर द्रव जातो, चार तासांना १२० लिटर. आरओ बरेचसे पाणी टाकून देतो, त्यामुळे निम्मे वाया गेले तरी बोअरचे २४० लिटर लागतात. बोअरचे पाणी जड, म्हणून आधी गाळणी, मग जडपणा काढणारे मिठाचे यंत्र, मग कोळशाची गाळणी, आणि शेवटी आरओ. मीठ संपले तर आरओच्या पडद्यावर क्षारांचा थर बसतो, पाणी अपुरे पडते. कोळसा संपला तर धोका मोठा: क्लोरीन निघत नाही आणि ते थेट रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडते. म्हणून क्लोरीनची तपासणी रुग्ण खुर्चीत बसण्यापूर्वी व्हायलाच हवी. त्यातच पाऊस झाला की मातीचा रस्ता बंद होतो. सामान पुरेसे आधीच साठवलेले असावे लागते.

लिलावातून उभी राहिलेली संस्था आज ‘पर्पल हाऊस’ नावाने ओळखली जाते. दुर्गम भागात नर्सच्या देखरेखीखाली होणाऱ्या डायलिसिसला मेडिकेअरचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा, स्वतंत्र दर मिळाला तो नोव्हेंबर २०१८ मध्ये, किंटोरची पहिली खुर्ची चालू झाल्यावर चौदा वर्षांनी.