कनेक्टिंग फ्लाइट, लेओव्हर आणि स्टॉपओव्हर

कनेक्टिंग फ्लाइट : वाटेतल्या विमानतळावर उतरून दुसऱ्या विमानाने पुढे जाण्याची प्रवासपद्धत. दोन विमानांमधल्या थांब्याला लेओव्हर किंवा ट्रान्झिट म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हा थांबा 24 तासांच्या आत असेल तर लेओव्हर, त्याहून लांबला तर स्टॉपओव्हर, असा भाडे ठरवतानाचा सर्वसाधारण निकष आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना दुबईत सहा तास बसावे लागले तर तो लेओव्हर. तिथे बहिणीकडे तीन दिवस राहून पुढचे विमान धरले तर स्टॉपओव्हर.

‘डायरेक्ट’ फ्लाइट म्हणजे नॉनस्टॉप, असा सर्रास समज असतो. तो चुकीचा आहे. फ्लाइट नंबर एकच राहिला की विमान वाटेत उतरले तरी कंपनी ती डायरेक्ट म्हणून विकू शकते. निव्वळ इंधनासाठीचा तांत्रिक थांबा ही आणखी वेगळी गोष्ट. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा एअर इंडियाची उत्तर अमेरिकेकडे जाणारी काही विमाने लांबचा वळसा पडल्याने इंधन भरायला व्हिएन्नाला उतरू लागली.

एके काळी लांबचा प्रवास असाच टप्प्याटप्प्याने होई, कारण विमानांचा पल्लाच कमी होता. 8 जून 1948 रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, कैरो आणि जिनिव्हा करत गेले. अटलांटिक ओलांडणारी विमाने आयर्लंडमध्ये शॅननला इंधन भरत. तिथे ताटकळणाऱ्या प्रवाशांसाठी 1947 मध्ये विमानतळावरचे पहिले ड्यूटी फ्री दुकान निघाले.

जेट विमानांचा पल्ला वाढला, तरी थांबे गेले नाहीत. याचे कारण हिशेबात आहे. 20 शहरे एकमेकांना थेट जोडायची तर 190 मार्ग लागतात; त्यांतल्याच एका शहराला केंद्र केले तर 19 मार्गांत काम भागते. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने मार्ग आणि भाडी यांवरचे सरकारी नियंत्रण उठल्यावर ही ‘हब’ पद्धत झपाट्याने फोफावली. 1985 मध्ये सुरू झालेल्या एमिरेट्सने आणि पुढे कतार एअरवेजने तीच आखातात मोठ्या प्रमाणावर राबवली. भारत–दुबई हवाई सेवा करारात प्रत्येक बाजूच्या कंपन्यांना आठवड्याला सुमारे 66 हजार आसनांची मुभा आहे, आणि दुबईला उतरणाऱ्यांपैकी पुष्कळांना मुळात युरोप-अमेरिकेलाच जायचे असते. आपले प्रवासी आखाती कंपन्या पळवतात, ही भारतीय कंपन्यांची जुनी तक्रार त्यातूनच आली. प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर याच पद्धतीमुळे लहान शहरांतूनही अर्ध्या जगाचे तिकीट मिळू लागले. मात्र हबचे नशीब नकाशावर अवलंबून असते : 2022 मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि युरोप–आशिया जवळच्या वाटेने जोडणारे फिनलंडचे हेलसिंकी एकाएकी आडवाटेला पडले.

प्रवाशाच्या दृष्टीने थांब्याच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे असते ते दोन्ही विमाने एकाच तिकिटावर आहेत की नाही. एकाच बुकिंगवर असतील तर पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तरी पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो निव्वळ न आलेला प्रवासी; पैसे बुडतात. युरोपीय संघाच्या 261/2004 या नियमातही, पात्र प्रवासात, विलंब मोजतात तो अखेरच्या ठिकाणी पोहोचण्याचा. वाटेतला उशीर थोडका असला तरी कनेक्शन चुकून शेवटी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर भरपाई मागता येते. अट हीच, की बुकिंग एक हवे.

एका तिकिटावर किती कमी वेळाचे कनेक्शन विकायचे, यालाही मर्यादा असते. प्रत्येक विमानतळाचा किमान कनेक्शन वेळ ठरलेला असतो. व्हिएन्ना आपले 25 मिनिटांचे कनेक्शन अभिमानाने मिरवते. हे आकडे चपळ पायांसाठी आहेत. मुलाकडे निघालेले सत्तरीचे आईबाबा आणि व्हीलचेअरची वाट पाहणे, हे गणित त्यात बसत नाही. त्यांच्यासाठी तीन तास ठेवलेले बरे.

सामानाचा घोळ सर्वांत जास्त. चेक-इन करताना बॅगेला लागणाऱ्या पट्टीवर शेवटच्या शहराचा तीन अक्षरी कोड आहे का, हे तिथेच पाहून घ्यावे. पण अमेरिकेत तो कोड असूनही साधारणपणे पहिल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा सोपवावी लागते. याला अपवाद अबू धाबी, डब्लिन यांसारख्या विमानतळांचा : तिथून अमेरिकेला जाणाऱ्यांची अमेरिकी इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी विमानात बसण्याआधीच होते, म्हणून तिथला थांबा मोठा ठेवावा लागतो. परदेशातून मुंबईमार्गे नागपूरला जाणाऱ्यालाही सहसा मुंबईतच बॅग घेऊन कस्टम्स करावे लागते. पुढचे विमान सहारच्या टर्मिनल 2 वरून, सांताक्रूझच्या टर्मिनल 1 वरून की आता उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून, हे आधीच बघायला हवे. गोव्यात दाबोळी आणि मोपा ही तर जिल्ह्याच्या दोन टोकांना नव्हे, दोन जिल्ह्यांत आहेत.

व्हिसाचे नियम देशागणिक बदलतात. अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी भारतीय नागरिकाला व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा यांसारख्या काही देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना त्यातून सूट मिळते.

स्टॉपओव्हर काही कंपन्या मुद्दाम विकतात. आइसलँडएअरच्या अटलांटिकपार तिकिटावर जादा भाडे न देता आइसलँडमध्ये सात दिवसांपर्यंत राहता येते. याच्या उलट चाल म्हणजे पुढच्या शहराचे स्वस्त तिकीट काढून मधल्याच शहरात बाहेर पडणे. कंपन्यांच्या अटींत ती बसत नाही, आणि चेक-इन केलेली बॅग तर पुढेच जाते. शिवाय तिकिटाचे टप्पे क्रमानेच वापरावे लागतात : एक टप्पा सोडला की त्यानंतरचे सगळे, परतीच्या प्रवासासकट, रद्द होऊ शकतात.